दारचा करंज, घरचा गारवा

मैत्रिणींनो, आज एक कबुली देऊनच सुरुवात करते. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, करंजाचे एक झाड होते. चांगले तिसऱ्या मजल्याला टेकलेले. ते तोडावे म्हणून सोसायटीने अर्ज केला, तेव्हा त्याखाली सह्यांची जी रांग लागली, तीत तिसरी सही माझी होती.

कारणे काय विचारता! तुमच्याही ओळखीचीच असतील. पाने फार पडतात, रोज झाडायचे कुणी? गच्चीची पन्हळ तुंबते. फांद्या तारांना लागतात. झाड गेले तर खाली आणखी दोन गाड्या राहतील. आणि माझे स्वतःचे कारण म्हणजे स्वयंपाकघरात अंधार येतो, भरदुपारी दिवा लावावा लागतो. रीतसर परवानगी आली, झाड गेले, मातीवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसले. अंगण कसे चकाचक दिसू लागले. स्वयंपाकघरात लख्ख उजेड आला.

उजेडाबरोबर आणखी काय आत आले, ते पुढच्या चैत्रात कळले. सकाळी अकरालाच ओटा हाताला कोमट लागायचा. इडलीचे पीठ रात्री भिजवले की पहाटेच भांड्याबाहेर. दूध दोनदा तापवले तरी संध्याकाळी नासायचे. हे सगळे चालवून घेता आले असते हो. पण आमच्या सासूबाई दुपारी मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून गहू निवडत बसायच्या, ती खुर्ची आत आली. आतल्या खोलीतही पंखा नुसती गरम हवा फिरवायचा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्या भोवळ येऊन पडल्या. डॉक्टर आले, उन्हाचा त्रास म्हणाले, मीठ-साखरेचे पाणी चालू झाले, संध्याकाळी त्या बऱ्या झाल्या. उशीला टेकून बसल्या आणि सहज म्हणाल्या, "अगं, झाड होतं तेव्हा इथे बसवत होतं, नाही का?"

त्या मला बोल लावत नव्हत्या. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. एक झाड गेल्याने एवढा फरक खरेच पडतो का, की हा माझ्या मनाचा खेळ? म्हणून वाचायला लागले, विचारायला लागले, हात लावून पाहायला लागले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते आहे. तुमच्या दारातले झाड अजून उभे असेल, तर ही माहिती वेळेवर पोचली म्हणायची.

नावातच झाडे

आपल्या गावांची नावे पाहा. चिंचवड म्हणजे चिंच आणि वड. पिंपरी नावाचे झाड वडा-पिंपळाच्याच कुळातले, त्यावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. म्हणजे या गावांची ओळखच झाडांवरून होती. पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधीशी आलात, तर नदीकडून येणारी झुळूक आजही अंगाला कळते.

मग १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. साठीच्या दशकात एमआयडीसी आली, एकामागून एक कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. आपल्यापैकी कित्येकींचे संसार याच कारखान्यांच्या भोंग्यांवर उभे राहिले. तेव्हा कारखाने आले ते वाईट झाले, असे म्हणणारी मी नव्हे. प्रश्न एवढाच आहे की माळाचे शहर करताना आपण माती झाकली किती आणि सावली ठेवली किती.

२०१९ च्या एप्रिलअखेरीस पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत पारा ४३ अंशांना टेकला. एप्रिलमधला याहून मोठा आकडा शोधायचा तर पार ३० एप्रिल १८९७ पर्यंत मागे जावे लागते. तेव्हा तो ४३.३ होता. पुण्याची हवा थंड, म्हणून पूर्वी लोक इथे राहायला येत, ही गोष्ट आता आपल्या मुलांना खरी वाटत नाही.

आधणाचा हिशेब

झाड हवा थंड करते म्हणजे नेमके काय करते? हे समजायला प्रयोगशाळा नको, आपली शेगडी पुरे.

एक लिटर पाण्याचे आधण ठेवा. साध्या पाण्याला उकळी यायला समजा पाच मिनिटे लागली. आता तेच पाणी, तेवढ्याच आचेवर, पार आटेपर्यंत ठेवले तर आणखी किती वेळ लागेल? पाच मिनिटे? दहा? नाही, पस्तीसेक मिनिटे! उकळी येण्यासाठी लागते त्याच्या साधारण सातपट उष्णता पाण्याची वाफ होण्यात खर्च होते. आणि गंमत अशी की त्या पस्तीस मिनिटांत पाणी आणखी गरम होत नाही. सगळी आच वाफ होण्यातच जिरते.

उन्हाचेही तसेच आहे. सूर्याची आच जमिनीवर पडली की ती जमीन तापवते, हवा तापवते किंवा पाण्याची वाफ करते. जिथे ओलावा आहे तिथे आचेचा मोठा वाटा वाफ करण्यात जातो आणि तापण्यासाठी थोडीच उरते. जिथे डांबर, सिमेंट आणि पत्रा आहे, तिथे वाफ करायला पाणीच नाही. मग सगळी आच तापवण्यातच जाते. पाणी आटलेले पातेले जसे पाहता पाहता लाल होते, तसे.

झाड म्हणजे या हिशेबात जमिनीखालून पाणी ओढून पानांतून बाहेर सोडणारा पंप. पानांना बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाण्याची वाफ होते. मोठे झाड, मुळाशी ओल असेल तर, दिवसाला शंभर लिटर पाणीही सहज असे उडवू शकते. शंभर लिटरची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, ती आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायची तर ६८ युनिटे भरते. दीड टनाचा एअरकंडिशनर तेरा तास चालला तर खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढील, तेवढी ही झाली. पण एअरकंडिशनर ती उष्णता शेजारणीच्या खिडकीकडे फेकतो आणि वर वीज खातो. झाड कुणाकडेच फेकत नाही.

अर्थात झाड उघड्यावर असते, त्याचा गारवा वाऱ्याबरोबर सगळीकडे वाटला जातो. दारात एक झाड लावले म्हणजे खोलीचे महाबळेश्वर होईल असे कुणी समजू नये. आणि दुसरी गोष्ट, मुळाशी ओल नसेल तर झाड शहाण्या गृहिणीसारखे हात आखडते, छिद्रे मिटून घेते. तेव्हा वाफेचा गारवा मिळत नाही. पण सावली मिळतेच.

पुण्याचा माठ आणि मुंबईचा माठ

माझी धाकटी बहीण दादरला दिली आहे. तिची नेहमीची तक्रार, "ताई, तुझ्याकडच्या माठातलं पाणी कसं गार होतं गं? आमच्याकडे होत नाही." माठ एकाच कुंभाराचा असला तरी फरक पडतो, कारण फरक हवेत आहे.

माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, माठ थंड होतो. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते. हवा आधीच दमट असेल तर तिच्यात नवी वाफ मावत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान आणि हवेतला दमटपणा २० टक्के असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक जवळजवळ २३ अंशांपर्यंत उतरू शकतो. सतरा अंशांचा फरक! मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के दमट असताना तोच तापमापक २८ च्या आसपास थांबतो. म्हणून वाळ्याचे पडदे आणि वाळ्याचे कूलर नागपूर-अकोल्याकडे शोभतात, मुंबईकडे नाही. आपल्याकडेही कूलर मार्च ते मेपर्यंतचा. आषाढात तो लावला तर घर नुसते चिकट होते.

म्हणजे पाण्याने आणि झाडाने हवा थंड करण्याची युक्ती कोरड्या, उष्ण गावांत सर्वांत जास्त चालते. आपले पूर्वज हे जाणून होते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावातून नळ बांधून पुण्यात पाणी आणले, ठिकठिकाणी हौद झाले. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे ही केवळ श्रीमंतांची हौस नव्हती. वाड्याला चौक, चौकात हौद, परसात झाड आणि संध्याकाळी अंगणात सडा, ही सारी उन्हाळ्याचीच व्यवस्था होती. आई सडा घालायची तेव्हा आम्हाला ते नुसते वळण वाटायचे. शेणाच्या जमिनीवर शिंपडलेले दोन तांबे पाणी अर्ध्या तासात अंगण निववून टाकायचे.

पण अडचण अशी की कोरड्या गावात पाणी आधीच कमी. जिथे युक्ती चांगली चालते तिथेच तिचे सामान दुर्मीळ! त्याबद्दल पुढे बोलूच.

दुपार वेगळी, रात्र वेगळी

मला वाटायचे, गावाकडे थंड आणि शहरात गरम. इतके सोपे नाही. २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी उपग्रहाच्या नोंदींवरून देशातल्या ८४ शहरांच्या जमिनीचे तापमान तपासले. उन्हाळ्यात दिवसा बहुतेक ठिकाणी शहराभोवतीची उघडी जमीनच शहरापेक्षा जास्त तापलेली आढळली! कारण पिके निघून गेलेली, शेते बोडकी, ओलावा नाही. शहरात निदान बागा आणि रस्त्याकडेची झाडे तरी असतात. रात्री मात्र पारडे फिरते. उघडी जमीन भराभर निवते, आणि शहराच्या भिंती, गच्च्या, रस्ते दिवसभर साठवलेली उष्णता सावकाश बाहेर सोडत राहतात.

ही रात्रीची ऊब लंडनच्या ल्यूक हॉवर्डने दोनशे वर्षांपूर्वीच मोजून ठेवली होती. औषधे बनवण्याचा धंदा करणारा हा गृहस्थ हौसेने हवामानाच्या नोंदी ठेवी. लंडन शहराची रात्र भोवतालच्या गावांपेक्षा सुमारे दोन अंशांनी उबदार असते, असे त्याला आढळले. आपल्याकडे वेधशाळेचे रोजचे आकडे वर्तमानपत्रात येतात, ते थंडीच्या दिवसांत जरा पाहत चला. पाषाण किंवा एनडीए भागात पारा उतरलेला असतो, तेव्हा चिंचवड आणि मगरपट्ट्याकडे तो बराच वर असतो. शहर एकच, रात्र एकच.

आणि रात्रच महत्त्वाची आहे. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला मिळाले तर माणूस दुसऱ्या दिवसाला तोंड देतो. म्हातारी माणसे, तान्ही मुले, बाळंतिणी आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसे यांना ही विश्रांती मिळाली नाही, तर आजारपण ठरलेले. तुमच्याकडे तापमापक नसला तरी चालेल. रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून पाहा. मग झाडाच्या सावलीत असलेल्या भिंतीला लावा. तळहात खोटे बोलत नाही.

वन्संचा मळा

आमच्या वन्सं चाकणजवळच्या एका गावात दिलेल्या. चाकण म्हटले की फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शाइस्ताखानाशी झुंजवलेला संग्रामदुर्ग आठवायचा आणि कांद्या-बटाट्याचा बाजार. मी लग्न होऊन आले तेव्हा वन्संकडे विहीर होती, कांद्याचे वाफे होते, बांधावर आंबा आणि दोन कडुनिंब होते. मे महिन्यात मुले तिकडे पाठवायची आणि आपण निर्धास्त राहायचे.

मग चाकणलाही एमआयडीसी आली. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, आणि पाठोपाठ कितीतरी. पोरांना कामे मिळाली, जमिनीला भाव आला. वन्संनी बांधावरची झाडे काढून भाड्याच्या बारा खोल्या बांधल्या, वर पत्रा. दूरदूरच्या गावांहून आलेली कामगार मुले आणि त्यांच्या तरुण बायका त्यात राहतात.

मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "वहिनी, भाडं येतं गं महिन्याच्या महिन्याला, खोटं कशाला बोलू? पण दुपारी त्या पोरी लेकरं घेऊन माझ्या पडवीत येऊन बसतात. पत्र्याखाली थांबवतच नाही त्यांना." आणि थोडे थांबून म्हणाल्या, "एक निंब ठेवला असता तरी चाललं असतं. एकच खोली कमी झाली असती."

एक खोली कमी! या एका वाक्यात सगळा हिशेब आला. आमच्या करंजाच्या जागी दोन गाड्या आल्या, त्यांच्या निंबाच्या जागी एक खोली. नफा लगेच मोजता येतो, तोटा दर उन्हाळ्यात हप्त्याहप्त्याने भरावा लागतो.

कारखाना आणि झाडे यांचे हाडवैर आहे असेही नाही. १९६६ च्या सुमारास टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, आपल्याकडे माळावर जागा घेतली तेव्हा सुमंत मूळगावकरांनी यंत्रांइतकेच लक्ष झाडांकडे दिले. उजाड, खडकाळ माळावर झाडे लावून घेतली आणि तळे तयार केले. त्यांना वेडात काढणारेही तेव्हा असतील. आज तिथे पक्षी येतात. मूळगावकर १९८९ मध्ये गेले, झाडे उभी आहेत. माळाचेही रान करता येते, हे आपल्याच गावाने पाहिले आहे.

नदी काय करते?

पाण्याची एक खोड आहे, ते तापतेही सावकाश आणि निवतेही सावकाश. एक किलो दगड एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचपट एक किलो पाण्याला लागते. म्हणून दुपारी घाटाची पायरी पोळते, पण त्याच पायरीशी असलेले पाणी गार. त्यावरून वारा आला तर काठच्या वस्तीला गारवा मिळतो. रात्री मात्र तेच पाणी उबदार राहते, हेही लक्षात ठेवायला हवे.

पण हे काम करायला नदी वाहती हवी, काठ मोकळे हवेत, काठावर झाडी हवी. पवना, इंद्रायणी आणि मुळा, तीन नद्या आपल्या शहराला लाभल्या आहेत. उन्हाळा आला की पवनेवर जलपर्णीची गोधडी पसरते आणि डास उठतात. आळंदीला इंद्रायणीवर साबणासारखा फेस येतो. ज्या नदीकडची खिडकी उघडायची, तीच आपण वासाने आणि डासांनी बंद करून बसतो. नदी स्वच्छ ठेवणे ही नुसती देवाधर्माची गोष्ट नव्हे. ती आपल्या झोपेची गोष्ट आहे.

पाणी आणायचे कुठून?

आता अडचणीकडे येऊ. आपल्याकडे वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस, तोही जून ते ऑक्टोबर. आपले बहुतेक पाणी मावळातल्या पवना धरणातून नदीने येते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले, ते दिवस आठवतात ना? आणि हे पाणी नुसते आपले नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर बऊरजवळ गोळीबार झाला. तिघे गेले, त्यांत एक बाई होती. नळ सोडताना मला कधीकधी तिची आठवण येते.

म्हणून गारव्यासाठी पाणी उधळा, असे मी मुळीच सांगणार नाही. उलट कुठे घालायचे ते नीट ठरवा. शोभेची हिरवळ सर्वांत खर्चिक. दहा चौरस मीटर हिरवळ उन्हाळ्यात रोज पन्नासेक लिटर पाणी पिते, आणि सावली टाचेएवढीही देत नाही. देशी झाडाला मात्र पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात आठवड्याला दीड-दोन बादल्या पाणी दिले की पुढे मुळे खोल जातात आणि ते आपले आपण सांभाळून घेते.

आणि ते पाणीही नळाचे कशाला हवे? तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले, मुलांच्या बाटल्यांत उरलेले, हे एकत्र करून पाहा. आमच्या चार माणसांच्या घरात रोज एक बादली सहज भरते. पाणी शुद्ध करायचे यंत्र असेल तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी ते वाया घालवते. ते फरशी पुसायला घ्या, किंवा दुसऱ्या पाण्यात मिसळून मोठ्या झाडाला घाला. नाजूक कुंड्यांना नको, त्यात क्षार जास्त असतात. कपड्यांचे साबणाचे पाणी झाडांना घालू नये, शेवटचे खळबळलेले चालते.

घरच्या घरी काय कराल?

झाड लावायचे तर पश्चिमेला. आपल्याकडे मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा मारा गच्चीवर असतो. पण दुपारनंतरचे तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीतून घरात शिरते आणि तेच रात्री छळते. त्या भिंतीवर सावली पाडणारे झाड सोन्याच्या मोलाचे.

झाड निवडताना चैत्रपालवी पाहा. करंज, कडुनिंब, पिंपळ यांना ऐन उन्हाळ्यात नवी पाने येतात, म्हणजे हवी तेव्हा सावली. सोसायटीच्या आवारासाठी करंज, कडुनिंब, ताम्हण, बहावा, कांचन चांगले. वड, पिंपळ, उंबर लावा, पण इमारतीपासून आणि ड्रेनेजच्या नळापासून दूर, मैदानाच्या किंवा नदीच्या बाजूला. लावायची वेळ पहिल्या चांगल्या पावसानंतरची.

आळे मोकळे ठेवा. खोडाला गळफास लावल्यासारखे ब्लॉक पार बुंध्यापर्यंत बसवतात. निदान चार फुटांची माती उघडी राहू द्या. पडलेली पाने जाळू नका; त्याच आळ्यात पसरा. ओल टिकते आणि झाडायचे कामही वाचते.

जागाच नसेल तर वेल चढवा. गॅलरीच्या जाळीवर दोडका, घेवडा, तोंडली, नाहीतर मधुमालती, कृष्णकमळ. दोन कुंड्यांतली दोडक्याची वेल पश्चिमेची खिडकी पार झाकते आणि वर भाजीही देते!

पत्र्याचे किंवा उघड्या गच्चीचे घर असेल तर उन्हाळ्यापूर्वी वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात थोडा डिंक घाला म्हणजे लवकर निघत नाही. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते. वन्संनी या वर्षी बाराही खोल्यांवर चुना मारून घेतला. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी शहराचा आराखडा केला, पुढे अशा पांढऱ्या छपरांचाही तिथे पुरस्कार झाला.

पाणी साचू देऊ नका. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी, पक्ष्यांचे पाणी आठवड्यातून एकदा पार कोरडे करा. गारव्याच्या नादात डेंग्यूचा डास पाळायला नको. आणि कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते.

आणि वटपौर्णिमेला फांदी विकत आणू नका. सात जन्मांचे मागणे मागायचे आणि वडाचाच हात तोडून आणायचा, हे बरे दिसते का? गल्लीतल्या पाचजणी मिळून एखादे वडाचे रोप योग्य जागी लावा आणि दरवर्षी त्यालाच सूत गुंडाळा.

सही करण्याआधी

शेवटी तुमच्या हातातल्या पेनाविषयी. महाराष्ट्रात शहरातले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने त्यासाठी वृक्ष प्राधिकरण नेमले आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला आहे. म्हणजे कायदा आहे. पण अर्ज आपणच करतो, सह्या आपल्याच असतात. सोसायटीच्या सभेला बहुधा पुरुष जातात, आणि दुपारी घरात तापत बसणाऱ्या आपण सभेला नसतो. पुढच्या सभेला जरूर जा. 'फांद्या छाटू, झाड ठेवू' एवढे एक वाक्य तरी बोला. मी ते बोलले नाही.

आमच्या अंगणातले चार ब्लॉक तीन वर्षांपूर्वी आम्ही उचलले. गाडी लावणारे थोडे कुरकुरले, पण यांनी आपल्या गाडीची जागा सोडली तेव्हा गप्प बसले. तिथे नवा करंज लावला आहे. आता तो पहिल्या मजल्याच्या कठड्याला आला आहे. माझी खिडकी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे अजून काही उन्हाळे काढायचे आहेत.

सासूबाईंचे वय आता ब्याऐंशी. तांदूळ धुतलेले पाणी रोज सकाळी त्याच खाली घेऊन जातात, मला हात लावू देत नाहीत. परवा म्हटले, "द्या मी घालते, जिना चढून दम लागतो तुम्हाला." तर म्हणाल्या, "सावली मला मिळायची नाही, ठाऊक आहे गं. पण पाणी घालायला काय हरकत आहे?"

मैत्रिणींनो, तुमच्या दारात झाड असेल, तर आज संध्याकाळी त्याखाली घटकाभर उभ्या राहून पाहा. आणि नसेल, तर पाऊस येईलच.